दोन भागांमधला खेळ



रायफलचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधला सैलपणा कसा कमी करावा, हा माझा आजचा विषय. वसंत व्याख्यानमालेत संत, साहित्य, फार झाले तर अर्थसंकल्प ऐकायला येणाऱ्या मंडळींना हे काय नवीन, असे वाटेल. मी सातवीनंतर शाळा सोडलेला माणूस. जे शिकलो ते फिटरच्या बाकावर आणि पुढे युनियनच्या कचेरीत. म्हणून मला ठाऊक असलेल्या गोष्टीवरच बोलतो. बंदूक हे निमित्त आहे. बोलायचे आहे ते दोन भाग एकमेकांत कसे बसतात आणि नीट बसले नाहीत तर दोष कोणाच्या माथी मारला जातो, याविषयी.

आपल्या कोकणात घरोघरी आडकित्ता आहे. दोन पाती, एका टोकाला जोडणारा खिळा. खिळा सैल झाला की पाती एकमेकांवर सरळ उतरत नाहीत आणि सुपारीचे खांड वाकडे पडते. मग कोणीतरी हातोडीने खिळा ठोकतो. एक घाव जास्त पडला की आडकित्ता उघडता उघडत नाही! सैल आणि घट्ट यांच्यामध्ये जी बारीकशी जागा लागते, तिला कारखान्यात ‘खेळ’ म्हणतात, इंग्रजी शब्द वापरणारे ‘प्ले’ म्हणतात. खेळ अजिबात नसेल तर यंत्र चालत नाही, फार असेल तर नीट चालत नाही.

आता ज्या रायफलीला आपल्याकडे एसएलआर म्हणतात, ती घ्या. मूळ रचना बेल्जियमच्या एफएन कंपनीची. भारतात ती 1960 च्या दशकात पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात बनू लागली, आणि पुढे कित्येक वर्षे आपल्या फौजेच्या व पोलिसांच्या खांद्यावर राहिली. हिचे दोन अर्धभाग आहेत. त्यांना रिसीव्हर म्हणतात. वरच्या भागाला नळी जोडलेली, खालच्या भागात घोडा आणि दस्ता. घोड्याच्या पुढे एक पिन, तीच बिजागरी. मागच्या टोकाला एक कळ. कळ फिरवली की रायफल मधोमध मोडल्यासारखी उघडते आणि आतली साफसफाई करता येते.

गंमत अशी की पुढची माशी नळीच्या बाजूला, म्हणजे वरच्या भागावर आहे. आणि मागचे छिद्र, ज्यातून नेम धरायचा, ते खालच्या भागावर आहे. नेमाची रेषा दोन भागांवर विभागलेली! बिजागरी झिजली किंवा मागची कळ सैल झाली की ते छिद्र जागचे हलते. किती हलते? माशी आणि छिद्र यांच्यात सुमारे साडेपाचशे मिलिमीटर अंतर असते. छिद्र एक दशांश मिलिमीटर, म्हणजे साधारण केसाच्या जाडीइतके सरकले, तर शंभर मीटरवर नेम अठरा मिलिमीटर चुकतो. तीनशे मीटरवर साडेपाच सेंटिमीटर. हे गणित त्रैराशिकाचे आहे, त्याला कॉलेज लागत नाही.

उलट अमेरिकन पद्धतीच्या एआर जातीच्या रायफलीत माशी, छिद्र आणि नळी तिन्ही वरच्याच भागावर असतात. खालचा भाग थोडा खडखडला तरी नेमाला फारसा धक्का लागत नाही. तरी लोकांना खडखडाट सोसत नाही. ते दोन भागांच्या मध्ये रबराचा तुकडा दाबून बसवतात. आवाज बंद होतो, हात सुखावतो, झिजलेली पिन मात्र झिजलेलीच राहते. असले रबर मी रायफलीखेरीज इतर पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे.

मग खरा उपाय काय? आधी सैलपणा कोठे आहे ते शोधायचे: पिनमध्ये, पिनच्या भोकात की कळीत. स्वस्त आणि सहज बदलता येणारा भाग आधी बदलायचा. पिन नवी घातली आणि खेळ गेला तर काम संपले. भोकच अंडाकृती झाले असेल तर ते रीमरने किंचित मोठे व गोल करून त्याला जाड पिन द्यायची. बसणी तपासायला निळा रंग पुसटसा लावतात. जेथे रंग उठतो तेथे भाग टेकतो, आणि तेवढेच कानशीने घ्यायचे. हे काम परवानाधारक कारागिराचे किंवा फौजेतल्या आर्मररचे. कोणाच्या घरी परवान्याची बंदूक असेल त्याने कानस हातात घेऊ नये, एवढी विनंती.

आणि एका मर्यादेच्या पुढे घट्ट करू नये. शंभर मिलिमीटर लांबीचे पोलाद पन्नास अंशांनी तापले की सुमारे सहा शतांश मिलिमीटर वाढते. धूळ, चिखल, खारा वारा आणि आपला तीन हजार मिलिमीटरांच्या वरचा पाऊस, यांनाही जागा लागते. ब्रिटिशांनी आपल्या एसएलआरच्या आतल्या सरकत्या भागावर मुद्दाम खाचा पाडल्या होत्या, का, तर वाळू त्यांत जावी आणि रायफल अडकू नये.

एकेकाळी प्रत्येक बंदूक एकेका कारागिराने कानशीने जुळवलेली असे. एकीचा भाग दुसरीला बसत नसे. 1785 मध्ये पॅरिसला ओनोरे ब्लां नावाच्या कारागिराने पन्नास बंदुकांच्या चापांचे सुटे भाग वेगळे ठेवले, आणि अमेरिकेचे वकील जेफर्सन यांनी हाताला येतील ते भाग उचलून त्यांतून चाप जुळवले. सगळे बसले. हे शक्य झाले ते मापाच्या शिस्तीमुळे. त्या शिस्तीचे हत्यार म्हणजे गेज. पिनसाठी दोन जबड्यांचे गेज असते: एका जबड्यात पिन गेलीच पाहिजे, दुसऱ्यात जाता कामा नये. पहिल्याला ‘गो’, दुसऱ्याला ‘नो-गो’.

येथे मला एक प्रकरण सांगावेसे वाटते. ठाण्याकडच्या एका खाजगी कारखान्यात, नाव घेत नाही, आमच्या एका सभासदावर आरोपपत्र आले. माणूस वीस वर्षांचा अनुभवी, बिजागरीच्या पिना करणारा. आरोप असा की पिना बारीक निघतात, जोड सैल होतो, माल परत येतो. निम्मा माल नापास, त्या मालाची मजुरी कापलेली, वर निलंबनाची धमकी. चौकशीत अधिकाऱ्यांनी आमच्यासमोर पिना नो-गो जबड्यात घालून दाखवल्या. भराभर आत गेल्या. आमची मंडळी खाली मान घालून बसली.

आम्ही एकच मागणी केली: गेज तपासा. साहेब हसले. आम्ही हटलो नाही. शेवटी मापनखोलीतून मायक्रोमीटर आणि प्रमाण ठोकळे आले. नकाशाप्रमाणे पिन 11.96 ते 11.98 मिलिमीटर हवी होती. पिना भरल्या 11.965 च्या आसपास, म्हणजे मापात. नो-गो जबडा मात्र 11.96 चा असायला हवा होता, तो उघडून 11.97 झाला होता. तपासनीस मंडळी पिना जोराने दाबून घालत आली होती, आणि जबडा झिजला होता. चांगली पिन नापास करणारे गेज रोज सकाळी कपाटातून निघे आणि संध्याकाळी कपाटात जाई. शेवटचे कधी तपासले, याची नोंद कोठेच नव्हती. मग जोड सैल का होत होता? भोके मोठी पडत होती, दुसऱ्या खात्यातल्या झिजलेल्या यंत्रावर. ते यंत्र बदलायचे तर पैसे लागत होते.

आरोपपत्र मागे घेतले गेले. कापलेली मजुरी परत मिळवायला आणखी सात महिने लागले.

सरकारी शस्त्रकारखान्यांतली कहाणी वेगळी आहे, पण प्रश्न हाच आहे. तेथे तपासणी स्वतंत्र, नोंदवह्या जाडजूड, आणि कामगारांची संघटनाही जुनी; तिचे नेतृत्व एस. एम. जोशी यांच्यासारख्या माणसाने केले. 1 ऑक्टोबर 2021 पासून ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्याच वर्षी संसदेने कायदा करून संरक्षण उत्पादनातल्या संपावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला एक वर्षापुरता दिला. कंपनी झाल्याने माल सुधारेल असे सांगण्यात आले. सुधारावा, कोणाला नको आहे? परंतु गेज कोण तपासते, झिजलेले यंत्र केव्हा बदलते आणि नापास मालाची किंमत कोणाच्या पगारातून जाते, हे तीन प्रश्न पाटी बदलल्याने सुटत नाहीत.

आपल्या गावातली मुले आयटीआयमधून फिटर, टर्नर होऊन बाहेर पडतात. पुण्याला, चाकणला, मुंबईला जातात. त्यांच्या वडीलमंडळींपैकी पुष्कळ जण येथे बसलेले दिसतात. मुलाला फोन कराल तेव्हा जेवलास का हे विचाराच. पण त्याच्या बाकावरच्या गेजवर तपासणीची तारीख आहे का, तेही विचारा. नसेल तर त्याने ती लेखी मागावी, आणि अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.