कोपऱ्यातला नवा गडी



युनियनच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत कबड्डीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. पण रांजणगावच्या कारखान्यांच्या फाटकाशी उभे राहिले तर तरुणांच्या तोंडी पगारवाढीइतकाच लिलावाचा आकडाही ऐकू येतो. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि ज्या खेळाला आपले वडील हुतूतू म्हणत, त्यात माणसाची बोली लागू लागली. बोली बैलाची लागते हे आपल्याला ठाऊक होते. बैलाचे दात पाहतात. या पोराचे काय पाहतात?

चढाई करणारा सर्वांनाच दिसतो. मला बोलायचे आहे ते पकड करणाऱ्या नव्या गड्याविषयी. सात जणांत दोन कोपरे आणि त्यांच्या आतल्या बाजूला दोन मध्यरक्षक, या चौघांवर बचाव उभा असतो. चढाई करणारा उजव्या अंगाने आला की त्याची पहिली गाठ डाव्या कोपऱ्याशी पडते. कोपऱ्याने घोटा किंवा मांडी धरायची आणि मध्यरक्षकाने त्याच क्षणी धडक देऊन परतीची वाट बंद करायची. अर्धा क्षण उशीर झाला तर चढाईवाला मध्यरेषा गाठतो, आणि मग ज्याचा ज्याचा हात त्याला लागला तो तो बाहेर जातो. एकाची घाई तिघांना भोवते ती अशी.

म्हणून पोराची छाती, दंड, वजन पाहून मत बनवू नये. त्याने किती पकडी केल्या हे जरूर मोजावे, पण किती सोडून दिल्या हेही मोजावे. दोन चढाया गुणाविना गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावा लागतो, नाहीतर चढाईवाला बाद होतो. तेव्हा पहिल्या दोन चढायांना हात न घालता, पाय सांभाळून मागे सरकणारा पोरगा मला अधिक जाणता वाटतो. जत्रेच्या सामन्यात अशा पोराला टाळ्या मिळत नाहीत. उडी मारून अंगावर जाणाऱ्याला मिळतात! मग बचावात तीनच गडी उरलेले असताना तो काय करतो ते पाहावे. तेव्हा केलेल्या पकडीला दोन गुण असतात, आणि मोहही तेवढाच मोठा असतो. शिवाय मातीवरचा गडी मॅटवर पाहिल्याखेरीज निर्णय देऊ नये. मातीत पाय घसरून सुटतो. मॅटवर बूट धरून राहतो आणि सगळा पीळ गुडघ्यात उतरतो.

आता संघात बसण्याची गोष्ट. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई पुणेरी पलटणने २०२३ च्या लिलावात २ कोटी ३५ लाखांना घेतला. डावा कोपरा त्याचा. शेजारी डाव्या मध्यावर आपला संकेत सावंत, उजव्या मध्यावर अबिनेश नादराजन. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रथमच अजिंक्यपद मिळवले. पुढच्या लिलावात हरलेल्या हरियाणानेच त्याला २ कोटी ७ लाखांना उचलले, आणि त्या वर्षी हरियाणा जिंकला. त्यांचा बचाव आधीपासूनच घट्ट होता; एक खिळा हवा होता तो मिळाला. २०२५ साली तो गुजरातकडे गेला. गुजरात काही अजिंक्य ठरला नाही. माणूस तोच होता. शेजार बदलला की गड्याची किंमत बदलते, मग बोलीचा आकडा काहीही असो.

अमेरिकेत फुटबॉल म्हणून जो खेळ आहे, तो बहुतांशी हातांनी खेळतात. त्यात लाइनबॅकर नावाची जागा आहे. पुढची फळी समोरच्यांशी भिडते, आणि हा तिच्या मागे उभा असतो. चेंडू घेऊन कोणी फळी फोडून आला तर त्याला पाडायचे; चेंडू वरून फेकला तर मागे धावायचे. दोहोंपैकी काय होणार हे डोळ्यांनी आधी ओळखायचे. आपल्या मध्यरक्षकाचा हा चुलतभाऊच म्हणा. तिथेही निवडीपूर्वी नवख्यांची ४० यार्डांची धाव मोजतात, २२५ पौंडांची सळई किती वेळा उचलली ते मोजतात. पण डोळ्यांची ही ओळख सळईवर मोजता येत नाही.

तिथे लिलाव नसतो. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते, आणि कितव्या क्रमांकावर निवड झाली त्यावरून नवख्याच्या वेतनाची पट्टी ठरते. ही पट्टी २०११ च्या करारात आली. खेळाडूंची संघटना १९५६ पासूनची. तिने मालकांसमोर बसून तो करार केला. मात्र त्यात पहिल्या क्रमांकांच्या नवख्यांच्या पैशाला मोठी कात्री लागली. जो अजून सभासदच झालेला नाही, त्याच्या पगारावर तडजोड करणे सोपे असते. आम्ही युनियनवाले हे जाणतो, उघड बोलत नाही इतकेच.

आपल्याकडच्या पोराच्या हाती कागद येतो तेव्हा घरात त्या कागदाकडे कोण पाहते? आकडा पाहतात. कामगाराचा हात यंत्रात सापडला तर त्याला भरपाई मिळावी म्हणून १९२३ साली कायदा झाला, आणि तो वापरायला शिकण्यात आमच्या कित्येक पिढ्या गेल्या. बचावातल्या गड्याचे यंत्र म्हणजे त्याचा गुडघा आणि खांदा. सराव शिबिरात गुडघा गेला तर शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा, हंगाम बाकावर गेला तर पैसे पुरे मिळणार की सामन्यागणिक, बरे होईपर्यंत दुसरीकडे खेळण्यास मनाई आहे काय, हे सहीपूर्वी लेखी विचारावे. पोराला विचारण्याचा संकोच वाटत असेल तर बापाने विचारावे, बापाला इंग्रजी येत नसेल तर गावातल्या वकिलाने. आमच्या कचेरीतही या. कबड्डीचा कागद म्हणून कोणी परत पाठवणार नाही.

आणि आयटीआयचे शेवटचे वर्ष सोडून मॅटवर जाऊ पाहणाऱ्यांना एकच विनंती. दौंडला रेल्वे आहे, राज्य राखीव पोलीस दल आहे. खेळाडूंच्या जागांची जाहिरात निघाली तर वयाची अट ओलांडण्याआधी अर्ज भरून ठेवा. लिलावाचे बोलावणे आले तर जा, अवश्य जा. जाताना अर्जाची पोच घरी ठेवून जा.