फळीची कड



३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत वाड्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. नारळी-पोफळी गेल्या, कलमे गेली, आणि आमच्या घरामागचा फणसही गेला. फणसाचे लाकूड किती मोलाचे, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पण पावसाळा तोंडावर, रस्ते अडलेले, ट्रक मिळेना. शेवटी एक ओंडका कसाबसा गिरणीवर पोचला. गिरणीवाल्याने मधल्या दोन फळ्या नीट काढून दिल्या आणि बाजूचे सगळे सालीसकट सरपणात ढकलले. काका म्हणाले, “अरे, अर्धा फणस चुलीत गेला की!” मी गणित शिकवणारा माणूस. मला वाटले, काका रागाच्या भरात बोलताहेत. पुढे हिशेब करून पाहिला, तर काकांचे फारसे चुकले नव्हते.

तो हिशेब आज तुमच्यापुढे मांडायचा आहे. शिक्षक बंधुभगिनींनी खडू घेऊन फळ्यावर एक वर्तुळ काढावे. हा आपला ओंडका, बारीक टोकाशी व्यास १२ इंच. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस इंच. आता या वर्तुळात मावेल तेवढा मोठा चौरस काढा. त्याची बाजू साडेआठ इंचांच्या किंचित आत येते आणि क्षेत्रफळ ७२. म्हणजे ओंडक्याची चौरस तुळई केली, की ४१ चौरस इंच लाकूड चार बाजूंना राहिले. शंभरातले छत्तीस! हे चार भाग धनुष्यासारखे दिसतात, मध्ये पावणेदोन इंच जाड आणि दोन्ही टोकांना निमुळते. सरपणात जाते ते हेच.

पण या प्रत्येक धनुष्यात एक इंच जाडीची एक फळी दडलेली असते. ती चिरून काढली, की आतल्या अंगाला सुमारे साडेआठ इंच रुंद भरते आणि बाहेरच्या अंगाला साडेपाच. दोन्ही कडा तिरक्या आणि वर साल चिकटलेली. सुतार अशी फळी हातात धरीत नाही. मात्र दोन्ही कडा सरळ कापल्या, तर साडेपाच इंच रुंदीची चांगली फळी मिळते. अशा चार फळ्या म्हणजे बावीस चौरस इंच. एक्केचाळीसातले निम्म्याहून अधिक लाकूड परत आले!

यात करवतीची जाडीही पाहावी लागते. मोठ्या गोल करवतीचा काप सुमारे दोन सूत लाकडाचा भुसा करतो, तर पट्टी-करवतीचा पातळ काप जेमतेम अर्धा सूत खातो. वरच्या हिशेबात मी अर्धा सूत धरला आहे. दोन सूत धरा, म्हणजे साडेपाच इंचांची फळी पावणेपाचावर येते. मुलांकडून हे पायथागोरसच्या सिद्धांताने काढून घ्यावे. गणिताचा तास कंटाळवाणा होणार नाही, याची हमी माझी.

दोनेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात माझ्या एका माजी विद्यार्थ्याकडे गेलो होतो. त्याचा शेजारी शेतकरी. त्याच्या अंगणात चाकांवर ओढून नेण्याजोगी छोटी लाकडाची गिरणी होती. अशा गिरण्या तिकडे शेतकऱ्यांच्या घरी आढळतात. वूड-मायझर ही अशी यंत्रे करणारी कंपनी त्याच राज्यातल्या इंडियानापोलिसची, १९८२ साली निघालेली. यात ओंडका जागेवर पक्का बसवलेला असतो आणि आडवी पट्टी-करवत रुळावरून त्याच्यावर सरकत जाते. आपल्याकडे पूर्वी दोघे जण, एक वर आणि एक खाली, लांब करवत ओढीत दिवसभर घाम गाळीत. तेच काम इथे एक माणूस करतो.

पण मला नवल वाटले ते गिरणीचे नव्हे, तिच्या शेजारी मांडलेल्या दुसऱ्या, ठेंगण्या यंत्राचे. तिकडे त्याला ‘एजर’ म्हणतात. आपण त्याला कडकाप्या म्हणू. एका दांड्यावर दोन गोल पाती असतात. एक पाते जागेवर स्थिर, दुसरे मूठ सरकवून जवळ-लांब करता येते. दोन पात्यांत जितके अंतर, तितकी फळीची रुंदी. रूळ फळीला आत ओढतात, दोन्ही कडा एकाच फेरीत कापल्या जातात आणि पलीकडून सरळ फळी बाहेर येते.

तुम्ही विचाराल, हे काम गिरणीवरच का करू नये? करता येते. पुष्कळ जण तसेच करतात. सालीच्या कडांच्या पाचसहा फळ्या उभ्या करून एकत्र आवळायच्या, वरून एक काप घ्यायचा, उलट्या करायच्या, दुसरा काप घ्यायचा. यात दोन अडचणी आहेत. एक, तेवढा वेळ ओंडका चिरण्याचे काम बंद राहते. दुसरी जास्त नडणारी. सगळ्या फळ्या एका रुंदीच्या नसतात. सगळ्यांतली साल निघेपर्यंत काप खाली आणायचा, तर रुंद फळी अरुंद फळीच्या मापाला येते. नाहीतर कडा साफ झालेल्या फळ्या एकेक काढून घेत बसायचे. मग माणूस कंटाळतो आणि “जाऊ दे सरपणात” म्हणतो. माझ्या समजुतीने लाकूड वाया जाते ते यंत्राच्या दोषापेक्षा या कंटाळ्यामुळेच अधिक.

तिथे कडकाप्यावर त्या शेतकऱ्याची बायको उभी होती. नवऱ्याने चिरलेली फळी ती अरुंद अंग वर ठेवून मांडी, कारण चांगली रुंदी किती हे त्याच अंगावर दिसते. क्षणभर फळीकडे पाही, मूठ सरकवी आणि फळी ढकली. सगळी कला त्या क्षणभराच्या पाहण्यात होती. लोभाने रुंद कापले, तर कडेला साल राहते. घाबरून अरुंद कापले, तर चांगले लाकूड पट्टीबरोबर जाते. शिवाय ओली फळी वाळताना रुंदीत आकसते, म्हणून हव्या मापापेक्षा थोडी जास्त ठेवावी लागते. कापून पडलेल्या पट्ट्यांच्या ती मोळ्या बांधी. तेवढेच काय ते सरपण.

पाहता पाहता मी यंत्राच्या मागे, फळीच्या अगदी रेषेत जाऊन उभा राहिलो. विद्यार्थ्याने दंडाला धरून मला बाजूला ओढले. “सर, तिथे कधी उभे राहू नका. पात्याने फळी उलट फेकली, तर बाणासारखी येते.” फळी मागे येऊ नये म्हणून यंत्राला लोखंडी दाते असतात, पण कापलेली बारीक पट्टी त्यांतून निसटू शकते. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे कोणतेही यंत्र चालू झाले, की पाहायला निम्मे गाव जमते आणि मुले सर्वांत पुढे असतात.

प्रत्येकाने हे यंत्र घ्यावे, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याला वेगळे इंजिन किंवा मोटर लागते, जागा लागते, आणि मुख्य म्हणजे दुसरा माणूस लागतो. एकट्याने गिरणी थांबवून कडा कापत बसायचे असेल, तर निम्मा फायदा गेला. वर्षाला दहाबारा ओंडके चिरणाऱ्याने फळ्या उभ्या आवळूनच काम भागवावे. रोज फळ्या निघतात आणि दोन माणसे आहेत, तिथे ते शोभते. आणि हो, हल्ली शहरातले लोक सालीची कड तशीच ठेवलेले टेबल हौसेने विकत घेतात. तेव्हा रुंद, देखणी फळी कापण्यापूर्वी गिऱ्हाईक कोण, हे विचारून घ्यावे!

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोडीसंबंधीचा कायदा आहे. आंबा, फणस, साग यांसारखी झाडे आपल्या मालकीची असली, तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलांविषयी जे आदेश दिले, त्यांत लाकडाच्या गिरण्याही आल्या. पुढे २०१६ साली केंद्र सरकारने लाकूडधंद्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. म्हणून अशी चाकांवरची गिरणी आणण्याचा विचार कोणी करीत असेल, तर पैसे मोजण्याआधी वनखात्याच्या कचेरीत जाऊन सगळे विचारून घ्यावे. नुसता कडकाप्या घेणाऱ्यानेही हीच खबरदारी घ्यावी.

परवाना असलेल्या गिरणीवर आपला ओंडका नेणाऱ्याला मात्र एक गोष्ट आजही करता येईल. चिरायला देण्यापूर्वीच विचारावे, “बाजूच्या फळ्यांचे काय करता?” कडा कापून देण्याची मजुरी वेगळी ठरवावी आणि काम होईपर्यंत तिथेच थांबावे. आम्ही त्या दिवशी थांबलो नाही. पाऊस येत होता.

त्या फणसाच्या दोन फळ्या आमच्या घरी आहेत. एकीचा झोपाळा केला. दुसरी काकांनी माळ्यावर ठेवली आहे. तिच्या एका कडेला अजून बोटभर साल आहे, आणि ती काढायला ते कोणाला हात लावू देत नाहीत.