ताबा एकाचा, हुकूम दुसऱ्याचा

(खारघर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. जुना संगणक विकत घेतला, तो सुरू होतो, त्यावर लिहिता-वाचता येते. परंतु एखादा नवा प्रोग्रॅम बसवू गेले की यंत्र प्रशासकाचा पासवर्ड मागते, आणि तो पहिल्या मालकापाशीच राहिलेला असतो. गोष्ट एवढीच. पण ज्या घराने महिन्याच्या पगारातून पैसे बाजूला काढून मुलीच्या अभ्यासासाठी असे यंत्र आणले, त्या घरात ती एवढीशी राहत नाही. पैसे पुरते चुकते झालेले, वस्तू टेबलावर मांडलेली, आणि तिच्यावरील हुकूम मात्र परक्याचा!

ताबा आणि अधिकार यांतील हा भेद खारघरकरांना नवा नाही. 1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादनाखाली आली. न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबारात 5 जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्याचे फळ होय. पुढे सिडकोने भूखंड दिले ते 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने. कर्जाचे हप्ते फेडून सदनिका घेतलेला माणूस ती विकायला निघाला आणि परवानगी व हस्तांतरण शुल्क यांच्याशी त्याची गाठ पडली, तेव्हा कुठे त्याला उमगले की भिंती आपल्या असल्या तरी त्यांखालची जमीन दुसऱ्याची आहे.

संगणकातील प्रशासकपद मुळात कोणाला नाडण्यासाठी निर्माण झालेले नाही. 1960 च्या दशकात यंत्र एक आणि वापरणारे अनेक, अशी स्थिती होती. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सीटीएसएस ही प्रणाली 1961 साली प्रथम चालवून दाखवण्यात आली. एकाच यंत्रावरील अनेकांची कामे वेगळी राखण्यासाठी तिच्यात पासवर्ड वापरले जात. 1969 साली बेल लॅब्जमध्ये युनिक्सचा आरंभ झाला. तिच्यातील सर्वाधिकारी खात्याला ‘रूट’ म्हणतात. सामायिक विहिरीची राखण कोणा एकाकडे असावी, तशी ही व्यवस्था होती. पुढे यंत्र घरोघरी गेले, विहीर खाजगी झाली. राखणदाराचे पद मात्र कायम राहिले. विहीर विकली गेली तरी ते पद आपोआप नव्या धन्याकडे येत नाही, हे खरे दुखणे आहे.

त्यावर उपाय आहेत, आणि बरेचसे सरळ आहेत. पहिला उपाय विकणाऱ्याला गाठून त्याच्याच हातून जुने खाते काढवून घेणे, हा होय. ते शक्य नसेल, तर व्यवहाराची पावती हाती असलेल्या ग्राहकाने विंडोजची नवी प्रत मुळापासून बसवावी. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ती 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर विनामूल्य उतरवता येते. यंत्राचा डिजिटल परवाना सामान्यतः मदरबोर्डशी निगडित असतो, म्हणून तीच आवृत्ती बसवल्यास तो पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. यात जुन्या मालकाची छायाचित्रे व कागदपत्रे पुसली जातात, आणि तेच सभ्यपणाचे आहे. यंत्र विकत घेतले म्हणजे विकणाऱ्याचे खाजगी आयुष्य विकत घेतले असे होत नाही.

दुसरा मार्ग मुक्त प्रणालीचा. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार संपला. विंडोज 11 च्या अटींत न बसणारी कितीतरी यंत्रे अजून धडधाकट आहेत. त्यांवर लिनक्स बसवता येते, आणि जो ती बसवतो तोच प्रशासक होतो. खारघर स्टेशनासमोर ज्या सी-डॅकचे केंद्र आहे, त्याच संस्थेच्या चेन्नई केंद्राने ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली आहे.

तथापि काही कुलुपे याहून खोल असतात. मदरबोर्डवरील चिपमध्ये ठेवलेला पासवर्ड डिस्क पुसूनही जात नाही. ॲपलच्या अलीकडच्या संगणकांवरील सक्रियता-कुलूप पहिल्या मालकाच्या खात्याशी जखडलेले असते. कंपनीने आपल्या व्यवस्थापनाखाली नोंदवलेले यंत्र नवी प्रणाली बसवल्यावरही इंटरनेटशी जोडताच जुन्या धन्याचे नाव घेते. ती नोंद कंपनीनेच काढावी लागते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. ही कुलुपे चोराला अडवतात. ती सैल केली तर लोकलमध्ये लांबवलेले यंत्र उद्या उजळ माथ्याने बाजारात येईल. हे मान्य केलेच पाहिजे. मालकाच्या परवानगीवाचून संगणकात शिरणे 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 43 व्या कलमात बसते, ते योग्यच आहे. परंतु कुलूप असावे की नसावे, असा हा वादच नव्हे. विक्रीबरोबर किल्ली कोणी द्यायची, एवढाच प्रश्न आहे.

त्याचे उत्तर आपल्या व्यवहारात फार पूर्वीपासून आहे. शेत विकले की फेरफार नोंदवला जातो आणि सातबाऱ्यावर नवे नाव चढते. जुनी स्कूटर विकली की फॉर्म 29 व 30 वर सह्या होतात. चोरीचा बंदोबस्तही होतो आणि खऱ्या ग्राहकाचा हक्कही राहतो. संगणकाच्या वाट्याला मात्र असा फेरफार नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी त्यासाठी पोर्टलही सुरू झाले. दुरुस्तीचा हक्क हवाच. पण ज्या यंत्राचा हुकूमच आपल्याकडे नाही, ते दुरुस्त करून तरी काय उपयोग? म्हणून मागणी स्पष्ट असावी: वापरलेला संगणक विकणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्यावर आणि यंत्रे मोडीत काढणाऱ्या प्रत्येक कंपनीवर पासवर्ड, खाते व नोंद मोकळी करून देण्याचे बंधन असावे, आणि पावतीवर तसे लिहिलेले असावे.

तोवर ग्राहकाने एवढे करावे: पैसे मोजण्यापूर्वी यंत्र दुकानातच पुसून, इंटरनेटला जोडून, नव्याने सुरू करवून घ्यावे. ते कोणाचे नाव सांगते ते पाहावे. दुसऱ्याचे नाव सांगत असेल, तर ते अजून विकलेच गेलेले नाही असे समजावे आणि पैसे खिशातच ठेवावेत.