सणांची सुटी आणि मुलांचे शिक्षण
(बडनेरा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडते तेव्हा काही बाके रिकामी राहतात, हे आम्ही आमच्या नोकरीत वर्षानुवर्षे पाहिले. ते दिवस कापूस वेचणीचे. घराला हातांची गरज असते. जी मुले परत येतात त्यांतील पुष्कळांची वाचनाची व पाढ्यांची सवय मोडलेली असते. पालक म्हणतात, "आम्ही शिकलेलो नाही, सुटीत मुलांना काय शिकविणार?" याचे उत्तर आपल्या सणांतच आहे, असे आमचे नम्र मत आहे.

आपल्या वऱ्हाडात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात. शेवटी खिरापत ओळखावयाची असते. गोड की तिखट, ओली की कोरडी, तळलेली की भाजलेली, असे विचारीत मुली उत्तरापाशी पोचतात. वर्गीकरणाचा याहून चांगला पाठ आम्हांस ठाऊक नाही. आजीने गाणी सांगावी, नातीने लिहून घ्यावी; शुद्धलेखनाची वही आपोआप भरते. भुलाबाईच्या मखरास ज्वारीचे धांडे लागतात. आज ते शोधावे लागतात. कारण पुष्कळ शेतांत ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. ते का आले, कडब्यावाचून गुरांचे काय झाले, हे मुलांनी आजोबांस विचारावे. हाच भूगोल होय.

दसऱ्यास सीमोल्लंघन असते. त्या दिवशी मुलांस गावाची शीव दाखवून नकाशा काढावयास सांगावा. नाला कोणीकडे वाहतो, भुसावळ-नागपूर लोहमार्गापासून अमरावतीचा फाटा कोठे फुटतो, हे त्यात यावे. आपट्याच्या पानाचे दोन्ही भाग जुळवून पाहावे. त्यासाठी एक पान पुरते, फांदी ओरबाडण्याचे कारण नाही.

कोजागिरीस बारा घरांनी पाव-पाव लिटर दूध दिले तर तीन लिटर झाले. चाळीस पेल्यांत प्रत्येकी 75 मिलिलिटर. त्या रात्रीपासून चंद्र रोज उशिरा उगवतो व लहान होत दिवाळीच्या अमावास्येस दिसेनासा होतो; मुलांनी रोजची नोंद ठेवावी. अंगणातील रांगोळीत 5 ओळींत पाच-पाच ठिपके म्हणजे 25. भोवती आणखी एक फेरा घातला की 49. पाढ्याचा अर्थ येथे डोळ्यांस दिसतो.

ही कल्पना आमची नव्हे. 1937 च्या ऑक्टोबरात आपल्या शेजारी वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि हाताच्या उद्योगातून शिक्षण द्यावे असा विचार तेथे मांडला गेला. परंतु मुलास दिवसभर कापूस वेचावयास लावणे म्हणजेच शिक्षण, असा सोयीचा अर्थ कोणी काढू नये. आईने वेचलेल्या कापसाचे वजन व मजुरी यांचा हिशेब मुलीने अवश्य मांडावा. त्याने आईची फसवणूक टळेल. शाळा उघडताच मात्र ती मुलगी वर्गात दिसली पाहिजे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा तो हक्क 2009 च्या कायद्याने मान्य केला आहे.

आपले मंडळ परीक्षेतील गुणांसाठी बक्षिसे देते, हे योग्यच आहे. त्यांच्या जोडीस उत्तम 'सुटीच्या वही'स एक बक्षीस ठेवावे, आणि ते दिवाळीनंतर शाळेत नियमित जाणाऱ्या मुलामुलींनाच द्यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.