गंगाखेडहून नॉर्वेला

गंगाखेडच्या बेचाळीस अंशांच्या उन्हात बसून बर्फाच्या देशाचे बेत आखायला मजा येते. समजा, नॉर्वेला जायचं आहे. आधी ठरवा, बघायचं काय? आकाशातला हिरवा ध्रुवीय प्रकाश हवा असेल, तर सप्टेंबर अखेर ते मार्च. डोंगर चिरून आत शिरलेले समुद्राचे फाटे, म्हणजे फ्योर्ड, पाहायचे तर जून-जुलै. उत्तरेकडच्या ट्रॉम्सोत साधारण 20 मे ते 22 जुलै सूर्य मावळतच नाही, त्यामुळे झोपेसाठी डोळ्यांवर पट्टी लागते! पहिल्या खेपेला, माझ्या मते, उन्हाळाच बरा.

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण युरोपातल्या अनेक देशांसाठी एकच असलेला शेंगेन व्हिसा तिथे चालतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. किमान 30 हजार युरोंचा प्रवास-वैद्यकीय विमा लागतो आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी पासपोर्टची मुदत शिल्लक हवी. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, म्हणजे मुंबई-पुण्याची एक फेरी धराच.

थंडीला एकच जाड कोट घेऊ नका. आत लोकरीचा अंगालगत कपडा, मध्ये स्वेटर, वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. सुती बनियन घामाने ओलं झालं की अंग गारठतं.

जेवण तिथे भलतंच महाग. शेंगदाण्याची चटणी जरूर न्या. तूप, खवा, पेढे मात्र घरीच ठेवा, कारण भारतातून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत.