पिचर काढला तरी शिव्या, ठेवला तरी शिव्या

आज क्रिकेटला सुट्टी, आज बेसबॉल. नियम माहीत नसले तरी ऐका, कारण विषय आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. मोठी मॅच हरली की कॅप्टन-कोचला धुवायचं. पण धुताना आपण नक्की काय मोजतो, निर्णय की निकाल?

एकच गोष्ट आधी सांगतो. क्रिकेटमध्ये बोलरला काढलं तरी नंतर परत आणता येतं. बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये तसं नाही. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एकदा बाहेर गेला की त्या मॅचपुरता संपला. म्हणून मॅनेजर डगआउटमधून उठून मैदानात चालत निघाला की स्टेडियमचा श्वास अडकतो.

आता पहिली मॅच. १६ ऑक्टोबर २००३, न्यूयॉर्क. यांकीज विरुद्ध बॉस्टन रेड सॉक्स, सातवी आणि शेवटची लढत. जिंकेल तो वर्ल्ड सिरीजमध्ये. बॉस्टनवाल्यांनी १९१८ नंतर विजेतेपद बघितलेलं नाही. आठव्या इनिंगमध्ये ते ५-२ ने पुढे, आणि चेंडू पेड्रो मार्टिनेझच्या हातात. पेड्रो म्हणजे त्या काळातला बाप माणूस! पण तो आता थकलाय. एक डबल, एक सिंगल, स्कोअर ५-३. मॅनेजर ग्रेडी लिटल मैदानात येतो, पेड्रोशी बोलतो आणि... एकटाच परत जातो. पुढे आणखी दोन डबल, ५-५. अकराव्या इनिंगमध्ये एरन बूनचा होमरन, खेळ खल्लास. पेड्रोने त्या रात्री १२३ चेंडू टाकले होते. महिना संपायच्या आत लिटलची नोकरी गेली.

चाहते काय म्हणाले? "आंधळा होता का? दमलेला दिसत नव्हता?"

दुसरी मॅच. २७ ऑक्टोबर २०२०, टेक्सासमधलं आर्लिंग्टन. वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, टॅम्पा बे रेज विरुद्ध लॉस एंजेलिस डॉजर्स. रेज १-० ने पुढे, पण सिरीजमध्ये ३-२ ने मागे, म्हणजे हरले तर घरी. त्यांचा पिचर ब्लेक स्नेल सुसाट सुटलेला. ७३ चेंडू, नऊ स्ट्राइकआउट, फक्त दोन हिट. सहाव्या इनिंगमध्ये त्याला दुसरा हिट बसतो आणि मॅनेजर केव्हिन कॅश त्याला काढतो. स्नेलच्या तोंडून निघालेली शिवी कॅमेऱ्यातसुद्धा दिसते. निक अँडरसन येतो, मुकी बेट्स डबल मारतो आणि बघता बघता डॉजर्स २-१. शेवट ३-१. डॉजर्सना १९८८ नंतरचं पहिलं विजेतेपद.

आता चाहते म्हणाले, "आकडे बघून टीम चालवतात! डोळे नाहीत का?"

गंमत बघा. एकाने माणसावर भरवसा ठेवला, दुसऱ्याने आकड्यांवर. दोघांनाही तोच मार.

माझं मत सांगतो. निर्णय मोजायचा तर त्या क्षणी जे माहीत होतं त्यावरच. कॅशच्या बाजूने एक ठोस कारण होतं. तेच फलंदाज एका पिचरला तिसऱ्यांदा भेटले की जास्त मारतात, हे बेसबॉलमध्ये पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. स्नेल १८ जणांना, म्हणजे सगळ्या नऊ जणांना दोनदा भेटून झाला होता. पण पुढे येणारे तिघे, बेट्स, सीगर आणि टर्नर, त्या रात्री त्याच्यापुढे दोन-दोनदा स्ट्राइकआउट झाले होते. आणि अँडरसन? त्याने आधीच्या सलग सहा सामन्यांत रन दिल्या होत्या. हाही आकडाच होता ना! म्हणून माझ्या मते स्नेलला काढणं वादाचं आहे, पण त्याच्या जागी अँडरसन आणणं कच्चं होतं. आकडे वापरायचे तर सगळे वापरा.

लिटलची चूक वेगळी. त्याने दमलेल्या माणसालाच विचारलं. पेड्रोसारखा खेळाडू "नाही जमणार" कधी म्हणेल का? त्याचं उत्तर ठरलेलंच असतं, म्हणून त्यातून नवीन काही कळत नाही. थकवा ओळखणं हे मॅनेजरचं काम. ते त्याने पेड्रोच्या गळ्यात टाकलं.

आता शेवटची गोष्ट. कॅशला त्याच वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर हा मान मिळाला, स्नेलला काढल्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी. कारण मतदान प्लेऑफ सुरू व्हायच्या आधीच होतं. म्हणजे मतं होती अख्ख्या हंगामाची, आणि शिव्या त्या एका चालत जाण्याच्या!

तर पुढच्या वेळी आयपीएलची मॅच हरल्यावर कॅप्टनला झोडायच्या आधी स्वतःला एवढंच विचारा: हाच निर्णय घेऊन आपण जिंकलो असतो, तर मी काय टाइप केलं असतं? उत्तर मला कमेंटमध्ये कळवा. भेटू पुढच्या भागात!