तारेची साक्ष



ह्या व्यासपीठावर वसंत ऋतूत विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या बाकावर बसून ऐकावे, असा आजवरचा आमचा क्रम होता. चालकांनी यंदा तो मोडला, ह्याचे आम्हांस थोडे भय वाटते. आमचे शाळेतले शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले. कायदा म्हणून जो काही कळतो तो कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात, तारखेची वाट पाहता पाहता शिकलेला आहे. तेव्हा वकीलमंडळी समोर बसली असतील तर त्यांनी चूकभूल पोटात घालावी.

विषय आहे तारेचा. सभेतल्या तरुणांनी तार पाहिलीही नसेल. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण आमच्या वयाच्या माणसांना ती चांगली आठवत असेल. गावात तारवाला शिपाई दिसला की पाकीट फोडण्याआधीच घरातल्या बायका रडू लागत. मग कोणी तरी मास्तरांना बोलावून आणी, मास्तर इंग्रजी मजकूर वाचत, आणि मुलाला नोकरी लागल्याची बातमी निघाली तरी रडणे लवकर थांबत नसे. त्या कागदाला एवढी प्रतिष्ठा होती. तारेत आले ते खरे, असे सारे जग मानी.

न्यायालय मात्र तसे मानीत नसे. ते का, आणि त्यामुळे गरीब माणसाचे काय झाले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम तार जात असे कशी ते पाहू. पाठवणारा तारघरात जाऊन छापील अर्जावर मजकूर लिही आणि खाली नाव घाली. खिडकीवरचा बाबू शब्द मोजून पैसे घेई व पावती देई. आत बसलेला तारबाबू तो मजकूर कडकट्ट करून पुढच्या तारघराला कळवी. तिथला बाबू ऐकून तो कागदावर उतरवी, आणि तो कागद पाकिटात घालून शिपाई घरी पोचवी. म्हणजे आपल्या हाती जो कागद येई, त्यावर पाठवणाऱ्याचे एकही अक्षर नसे. पत्रावर निदान हस्ताक्षर असते, सही असते. ओळखीचा माणूस शपथेवर सांगू शकतो की हे वळण अमक्याचे. तारेवर नाव असे, पण ते दुसऱ्याच माणसाच्या हाताने उतरवलेले असे. खरी सही मागे, पाठवणाऱ्याच्या गावच्या तारघरात, त्या अर्जावर राहून जाई.

हिंदुस्थानात तार सर्वसामान्यांसाठी १८५५ साली खुली झाली. व्यापारी तारेवर सौदे करू लागले, मामलेदार तारेवर हुकूम घेऊ लागले, आणि साहजिकच तारा न्यायालयात येऊ लागल्या. आता न्यायाधीशाने काय करावे? प्रत्येक तारेसाठी दोन्हीकडचे बाबू साक्षीला बोलवावेत, तर तारघरेच बंद पडावयाची. आणि तारेवरचे नाव आंधळेपणाने खरे मानावे, तर कोणीही उठून कोणाच्याही नावे तार ठोकावी.

१८७२ सालचा पुराव्याचा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन ह्या साहेबाने रचला. त्याच्या ८८ व्या कलमात ह्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्याचा आशय असा : तारघराने एखाद्याला जो संदेश पोचवला, तोच संदेश पाठवणाऱ्या तारघरात दिला गेला होता, असे न्यायालयाने गृहीत धरावयास हरकत नाही. परंतु तो संदेश तिथे नेऊन देणारा माणूस कोण, ह्याबद्दल न्यायालयाने काहीही गृहीत धरता कामा नये.

मंडळी, ह्या कलमाचे दोन भाग नीट लक्षात घ्यावेत. पहिल्या भागात तारबाबूच्या हातावर विश्वास आहे. त्या बिचाऱ्याचे नाव कायद्यात नाही, पण तो रात्रपाळीला जागून जे ठोकतो ते बरोबर ठोकतो, असे कायद्याने धरून ठेवले. कामगाराच्या कामावर एवढा भरवसा टाकणारी वाक्ये कायद्याच्या पुस्तकात थोडीच सापडतील. ह्याच तारबाबूंनी १९०८ साली कामाच्या जाचक पाळ्यांविरुद्ध देशभर संप केला, तेव्हा सरकारला आणि बाजाराला कळून चुकले की आपण रोज कोणाच्या बोटांवर चालतो. दुसऱ्या भागात अविश्वास आहे, आणि तो नावावर आहे. संदेश खरा; माणूस कोण ते तुम्ही सिद्ध करा.

हा नियम चुकीचा आहे असे आमचे म्हणणे नाही. निरपराध माणसाच्या नावावर खोटी तार खपू नये म्हणून तो हवाच. प्रश्न इतकाच की ‘सिद्ध करा’ असे म्हटल्यावर ते कोणाला जमते? मूळ अर्ज तारघरात, तारघर सरकारचे. अर्ज ठराविक मुदतीपर्यंत ठेवीत आणि मग नष्ट करीत. ज्याचा हात तिथवर वेळेवर पोचेल त्याची तार बोले; ज्याचा पोचणार नाही त्याची मुकी राही.

ह्याचे मोठे उदाहरण आमच्या चळवळीच्या इतिहासातच आहे. २० मार्च १९२९ रोजी सरकारने देशभर धाडी घालून कामगार पुढाऱ्यांना पकडले आणि मीरतला राजद्रोही कटाचा खटला उभा केला. एकतीस जणांना धरले, पुढे आणखी एकाची भर पडली. मुंबईचे डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, डॉक्टर अधिकारी त्यांत होते. गिरणीत प्रत्यक्ष राबलेले अर्जुन आळवे आणि कासले होते. वयोवृद्ध ठेंगडी होते, ते निकाल ऐकण्यापूर्वीच वारले. आपल्या शहरात तेव्हा निजामाचे राज्य होते. मुंबईच्या गिरण्यांतले वारे इथे मनमाडच्या गाडीने येई तेवढेच.

ह्या खटल्यात कोणी बंदूक झाडल्याचा पुरावा नव्हता. पुरावा होता तो मुख्यतः कागदांचा : पुस्तके, पत्रके, भाषणांची टिपणे, पत्रे आणि तारा. १८८५ च्या तार कायद्याच्या पाचव्या कलमाने सरकारला सार्वजनिक आणीबाणीच्या वेळी कोणाचीही तार अडविण्याचा वा पाहण्याचा अधिकार दिला होता. टपालाच्या कायद्यातही तसाच अधिकार होता. पत्रे वाटेत उघडावयाची, नकला वा छायाचित्रे काढावयाची, पुन्हा चिकटवून रवाना करावयाची, असे पूर्वीपासून चालले होते. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने आपल्या निकालातच नोंदले आहे की पुराव्याचे छापील खंड पंचवीस होते, सरकार पक्षाची निशाणीपत्रे ३,५०० च्या वर, बचावाची १,५०० च्या वर, आणि साक्षीदार ३२०.

एवढा कागद उभा करावयास सरकारला अडचण पडली नाही. तारघर त्याचे, टपालखाते त्याचे, पोलीस त्याचे, हस्ताक्षरतज्ज्ञही त्यानेच आणलेले. नाव सिद्ध करण्याची अट सरकारलाही होतीच. पण ज्याच्या कुलपात मूळ अर्ज आहे त्याला ती अट जड जात नाही. खालच्या न्यायालयाने जानेवारी १९३३ मध्ये डांग्यांना बारा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर आणली आणि कित्येकांस सोडून दिले. तोवर चार वर्षे ही माणसे खटल्यातच अडकलेली होती.

स्वराज्य आले, कायदा तोच राहिला. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयात मुबारिक अली अहमद विरुद्ध मुंबई राज्य असा एक खटला निकालात निघाला. गोव्यात तांदळाची टंचाई होती. तिथल्या एका व्यापाऱ्याने मुंबईच्या दलालामार्फत कराचीच्या ह्या गृहस्थाशी तांदळाचा सौदा केला. सारी बोलणी पत्रांनी, तारांनी आणि टेलिफोनवर. लाखो रुपये मुंबईत मोजले गेले. तांदूळ काही आला नाही. आरोपी म्हणाला, ही पत्रे नि तारा माझ्याच हे कशावरून? न्यायालयाने सांगितले की कागद कोणाचा हे सिद्ध करणे म्हणजे इतर कोणतीही गोष्ट सिद्ध करण्यासारखेच आहे. लिहिताना पाहिलेला साक्षीदार चालेल, अक्षर ओळखणारा चालेल, आणि कागदातला मजकूरही चालेल. पत्रव्यवहाराची एक साखळी असेल, आणि त्या माणसालाच ठाऊक असणाऱ्या गोष्टी त्यात असतील, तर ती कडीही पुरावा होते.

हा निकाल आम्ही पुस्तकात वाचला नव्हता. तो आमच्या कामी कसा आला ते सांगून पुढे जातो.

नव्वदीतली गोष्ट. वाळूजच्या एका कारखान्यात (नाव सांगण्याचे कारण नाही) सहा कामगारांना एका सकाळी दरवाज्यावर अडवले. लेखी हुकूम नाही, कारण नाही. अशा वेळी आमचा शिरस्ता असा की त्याच दिवशी तारघर गाठावयाचे, आणि ‘कामावर हजर झालो, आत घेतले नाही’ अशी तार कंपनीला व कामगार आयुक्तांना पाठवावयाची. तशी पाठवली. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून आम्ही काटकसर केली. सहा जणांची नावे न घालता सहा टोकन नंबर घातले, पाळी घातली, दरवाज्याचा क्रमांक घातला. अर्ज सहांपैकी एकाने भरला. आम्ही पावती जपून ठेवली आणि निर्धास्त झालो.

न्यायालयात कंपनीने सांगितले की हे कामगार आपणहून काम सोडून गेले. तार? हो, तसा एक कागद आला होता. पण तो कोणी पाठवला देव जाणे. त्यावर एकही नाव नाही. आम्ही पावती पुढे केली, तर तीवर पैशाचा आकडा होता, मजकूर नव्हता. तारघराकडे धावलो, तर मुदत संपून अर्ज केव्हाच नष्ट झालेला. ज्याने अर्ज भरला होता त्याने मधल्या काळात हिशेब घेतला होता. साक्षीला येण्याचे त्याला धैर्य झाले नाही. त्याच्या घरी चूल पेटत नव्हती, आम्ही त्याला दोष देत नाही. चूक आमची होती. टपालाने तारेची सहीनिशी नक्कल पाठवावयाची असते, ती आम्ही पाठवली नव्हती. अर्ज पाच जणांच्या समोर भरावयाचा असतो, तो घाईत एकट्याला भरू दिला होता.

कामगार न्यायालय पुराव्याच्या कायद्याने काटेकोर बांधलेले नसते, पण समोरचे वकील त्याच कायद्याच्या भाषेत बोलत होते. तेव्हा आमच्या वकिलांनी १९५७ चा तो निकाल काढला आणि विचारले : हे सहा टोकन नंबर, ही पाळी, त्या दिवशी उघडा असलेला हा दरवाजा, हे बाहेरच्या माणसाला कसे ठाऊक? एक तर हजेरीखात्याला ठाऊक, नाही तर त्या सहांना. हजेरीखात्याने तार केली असे कंपनीचे म्हणणे आहे काय? ज्या काटकसरीने आम्हांला बुडवले होते, तिनेच आम्हांला वर काढले. निकालास सात वर्षे लागली. सहांपैकी दोघांनी तोवर हिशेब घेतला होता. उरलेल्या चौघांना कामावर घेण्याचा हुकूम झाला, मागचा पगार निम्मा मिळाला. सात वर्षांत ज्या मुलांच्या शाळा सुटल्या त्या काही परत भरल्या नाहीत.

आता कोणी म्हणेल, तार गेली, तारघर गेले. हे जुने उकरून काय उपयोग? मंडळी, तार गेली पण ते वाक्य गेलेले नाही. २००० साली माहिती तंत्रज्ञानाच्या कायद्याने जुन्या ८८ व्या कलमाला ८८-क अशी जोड दिली, आणि ईमेलसारख्या संदेशांसाठी तोच नियम घातला : जो मजकूर संगणकात भरला तोच पोचला असे गृहीत धरता येईल, पण पाठवणारा कोण ते गृहीत धरता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला. त्यात तारेचे कलम गळाले. इलेक्ट्रॉनिक संदेशाचे राहिले आहे, ते आता ९० वे आहे. दीडशे वर्षांपूर्वी तारेवरच्या नावाबद्दल जी शंका घेतली, तीच आज तुमच्या खिशातल्या फोनला लागू आहे.

आज आमच्याकडे पोरे येतात, फोन पुढे करतात आणि म्हणतात, ‘दादा, सुपरवायझरने व्हॉट्सअ‍ॅपवर कळवले की उद्यापासून येऊ नको.’ आम्ही विचारतो, तो फोन कोणाच्या नावावर? संदेश ठेवलास की पुसलास? तू उत्तर काय दिलेस? ते गोंधळतात. त्यांना वाटते, अक्षरे दिसताहेत ना, मग झाले! आम्हांलाही पावती हातात असताना असेच वाटले होते.

म्हणून ऐकणाऱ्यांस एवढीच विनंती. महत्त्वाचा संदेश आला तर पुसू नका, आणि ज्या फोनवर आला तो फोन मोडीत घालू नका. तुम्ही पाठवलात तर त्याच दिवशी त्याची सही केलेली प्रत स्पीड पोस्टाने पाठवा. मजकुरात तुमचा टोकन नंबर, पाळी, वेळ, जागा लिहा; म्हणजे उद्या नावाबद्दल वाद निघालाच तर मजकूर तुमची साक्ष देईल. आणि जे काही कराल ते चारचौघांसमोर करा. मालकाजवळ दप्तर असते, सरकारजवळ कुलूप असते. कामगाराजवळ शेजारचा कामगार असतो. तो साक्षीला उभा राहिला पाहिजे, आणि त्याच्यावर पाळी आली की आपण राहिले पाहिजे. संघटना म्हणतात ती दुसरी काय असते?